मोठ्या बोल्टांमधला ताण : प्रस्तावना

मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यातल्या साखर कारखान्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने मिल रात्रंदिवस फिरत राहते. त्याआधीचा उन्हाळा आणि पावसाळा दुरुस्तीचा असतो. रोलर निघतात, गिअरबॉक्स उघडतात, टर्बाइनचे झाकण उचलले जाते. हजारो नट सुटतात आणि पुन्हा बसतात. गळीत सुरू झाल्यावर एखादे कपलिंग हलू लागले किंवा ऊस तोडणाऱ्या पात्याचा बोल्ट तुटला, की आधी बेअरिंग तपासतात, मग तेल, मग अलाइनमेंट. बोल्ट कसा आवळला होता हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. त्याचे उत्तरही ठरलेले असते : फुल टाइट केला होता. म्हणजे नक्की किती, हे सांगता येत नाही. त्या उत्तरात आकडा यावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

बोल्ट आवळणे म्हणजे बोल्ट ताणणे. नट फिरतो तसा बोल्ट किंचित लांब होतो, आणि मूळ लांबीवर परत येण्याची त्याची ओढ दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. बाहेरचा भार येण्याआधीच बोल्टमध्ये साठवलेल्या या ओढीला इंजिनिअर प्रीलोड म्हणतात. या पुस्तकात तिला पूर्वताण म्हटले आहे. लांबीतली ही वाढ डोळ्यांना दिसत नाही. 200 मिलिमीटर जाडीच्या जोडातून गेलेला चांगल्या पोलादाचा बोल्ट योग्य आवळला, तर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबतो. पण तेवढ्यात साठलेले बळ मोठे असते. 36 मिलिमीटर व्यासाच्या, 10.9 वर्गाच्या बोल्टमध्ये ते सुमारे 58 टन भरते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहार याच तत्त्वावर काम करतो. तापलेली धाव थंड होताना आकसते, तुंबा, आरे आणि घेर यांना चहूबाजूंनी आवळते, आणि त्या आवळण्यावरच चाक वर्षानुवर्षे खडकाळ वाटेवर टिकते. धाव ढिली झाली की आरे खडखडू लागतात आणि चाकाचे आयुष्य संपत येते. बोल्टाने जोडलेल्या भागांचेही तसेच होते.

नव्या माणसाला इथे एक गोष्ट खटकते. बोल्ट आधीच 58 टनांनी ताणलेला असताना वर आणखी 20 टनांचा भार आला, तर तो तुटणार नाही का? या शंकेपोटीच कित्येक फिटर मोठा बोल्ट 'जरा हात राखून' आवळतात. होते नेमके उलटे. बोल्टाच्या मानाने त्याने दाबलेले भाग बरेच कडक असतात. समजा बोल्टाच्या वाट्याला बाहेरच्या भाराचा पाचवा हिस्सा येतो. 20 टनांचा भार आला, तर बोल्टमधला ताण 58 वरून 62 टनांवर जातो आणि उरलेले 16 टन भागांमधला दाब कमी करण्यात खर्च होतात. तरी जोड 42 टनांनी दाबलेला राहतो. आता तोच बोल्ट फक्त 10 टनांपर्यंत आवळला आहे असे धरू. साडेबारा टनांच्या पुढे जोड उघडतो आणि सगळा भार एकट्या बोल्टावर येतो. यंत्राच्या प्रत्येक फेऱ्याला ताण 10 वरून 20 टनांवर जातो आणि परत खाली येतो. घट्ट बोल्टमधला ताण 4 टनांनी हलत होता, ढिल्या बोल्टमधला 10 टनांनी हलतो. पोलाद थकते ते या हलण्यामुळे. जर्मन इंजिनिअर आउगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हे दाखवले : एका झटक्यात जो भार सहज पेलतो, तोच लाखो वेळा येत-जात राहिला तर धातू चिरतो. म्हणून तुटलेला बोल्ट हातात घेऊन 'जास्त आवळला असणार' असे म्हणण्याआधी तुटीचा चेहरा पाहावा. त्यावर शिंपल्यावर असतात तशा लाटांच्या रेषा दिसल्या, तर बोल्ट थकून तुटला आहे, आणि त्याचे मूळ बहुधा कमी ताणात असते.

माझ्या मते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे गणित पुढचे आहे, आणि ते आपल्या आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवायला हवे. आवळण्यासाठी लागणारा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, व्यासाबरोबर साधा वाढत नाही. व्यास तिप्पट झाला की बोल्टाचे क्षेत्रफळ साधारण नऊपट होते, आणि टॉर्क सत्तावीसपट किंवा त्याहूनही जास्त लागतो. 12 मिलिमीटरच्या 8.8 वर्गाच्या कोरड्या बोल्टला सुमारे 90 न्यूटन-मीटर पुरतात. एक फूट लांबीच्या पान्यावर धडधाकट माणसाने 40 किलोचा जोर लावला, तर एवढा टॉर्क सहज ओलांडला जातो. पान्यात पाइप घातला तर बोल्ट पिळवटूनच निघतो. त्याच वर्गाच्या 36 मिलिमीटरच्या बोल्टला 2600 न्यूटन-मीटरहून अधिक लागतात. 80 किलोच्या माणसाने एक मीटर पाइपच्या टोकाला सगळे वजन टाकले, तरी 800 न्यूटन-मीटरसुद्धा मिळत नाहीत. पुरा टॉर्क मिळवायचा तर पाइप जवळपास साडेतीन मीटर लांब लागेल. म्हणजे हाताच्या अंदाजावर काम करणाऱ्या कार्यशाळेत लहान बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात आणि मोठे कमी, आणि दोन्ही वेळी हाताला 'फुल टाइट' तेवढेच जाणवते. यात फिटरचा दोष नाही. माणसाचे शरीर एका मापाचे आहे, बोल्ट अनेक मापांचे आहेत. स्लगिंग पान्यावर घण मारून मोठा बोल्ट बसवण्याची पद्धत या अडचणीतूनच आली. घणाने जोर मिळतो, पण तो किती मिळाला हे कळत नाही.

टॉर्क रेंच आणला की प्रश्न मिटला, असेही नाही. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे घर्षणातला थोडासा बदलही ताणात मोठा फरक पाडतो. वर सांगितलेल्या 10.9 वर्गाच्या 36 मिलिमीटर बोल्टला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावून सुमारे 2700 न्यूटन-मीटर दिले, तर 58 टनांच्या आसपास ताण मिळतो. तेवढाच टॉर्क कोरड्या बोल्टला दिला तर 38 टन. पावसाळाभर उघड्यावर पडून गंजलेल्या बोल्टला दिला तर कदाचित 25 टन. रेंच तिन्ही वेळा एकाच ठिकाणी 'टक्' करतो. उलटी चूक याहून वाईट. कोरड्या बोल्टसाठी लिहिलेला 4100 न्यूटन-मीटरचा आकडा ग्रीस लावलेल्या बोल्टला दिला, तर ताण 90 टनांच्या जवळ जाऊ लागतो. त्याच्या बराच अलीकडे, 75 टनांच्या आसपास, हा बोल्ट कायमचा लांबू लागलेला असतो. म्हणून टॉर्कच्या आकड्याशेजारी वंगण कोणते हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा अर्धाच आहे. माझा आग्रह याहून पुढचा आहे : ग्रीसचा डबा बदलला, तर त्या दिवसाच्या नोंदीत तसे लिहावे.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. 1841 मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे प्रमाण ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. तोवर प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा असे. व्हिटवर्थचे आटे आपल्याकडे इंग्रजी यंत्रांबरोबर आले आणि सुताच्या मापाने ओळखले जाऊ लागले. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच ही भाषा नांदेड-लातूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत अजूनही चालते. मेट्रिक आटे आल्यावर दोन्ही मापे एकाच खोक्यात पडू लागली. चार सुताचा नट 12 मिलिमीटरच्या बोल्टवर एक-दोन फेरे जातो, मग अडतो. त्याला जबरदस्तीने पुढे ढकलणे म्हणजे दोन्हीचे आटे घालवणे. खोके वेगळे ठेवायला पैसे लागत नाहीत, आणि तेवढ्याने बरेच नुकसान टळते.

पुलांच्या आणि मोठ्या इमारतींच्या कामात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रिव्हेटचेच राज्य होते. लालभडक रिव्हेट ठोकला की थंड होताना तोही भागांना दाबून धरतो, पण किती ते ठरवता येत नाही. 1934 मध्ये ब्रिटनमध्ये बॅथो आणि बेटमन यांनी दाखवले, की उच्च ताकदीचे बोल्ट पुरेसे आवळले तर पत्रे एकमेकांवर घसरतच नाहीत. घर्षणच सगळा भार वाहते. 1947 मध्ये अमेरिकेत या जोडांच्या संशोधनासाठी मंडळ स्थापन झाले आणि 1951 मध्ये त्याने पहिले विनिर्देश काढले. भारतात आयएस 4000 हे प्रमाण 1967 मध्ये आले, 1992 मध्ये सुधारले गेले. जर्मनीत 1977 पासून व्हीडीआय 2230 या मार्गदर्शिकेने बोल्टचा हिशेब पायरीपायरीने मांडला, आणि यंत्ररचनेचे काम करणारे आजही तिच्याकडेच वळतात.

बोल्ट आवळण्याच्या पद्धतींचे चार प्रमुख पंथ आहेत. पहिला टॉर्कचा : स्वस्त, सोपा, पण घर्षणाच्या मर्जीवर चालणारा. मिळणारा ताण पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. दुसरा नट फिरवण्याचा. आधी साध्या पान्याने एका माणसाच्या पुऱ्या जोराने भाग चिकटवून घ्यायचे, नट आणि बोल्टवर खुणेची रेघ मारायची, मग नट ठरलेला अंश फिरवायचा. व्यासाच्या चार ते आठपट लांबीच्या बोल्टला अर्धा फेरा, त्याहून आखूड बोल्टला तिसरा हिस्सा. इमारती आणि पुलांच्या कामासाठी मला हा पंथ सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो घर्षणाला बाजूला ठेवून थेट लांबीशी बोलतो, आणि आवळल्यानंतरही रेघ पाहून तपासता येतो. तिसरा पंथ थेट ताणण्याचा. हायड्रॉलिक टेन्शनर बोल्टाचे टोक धरून ओढतो, नट मोकळेपणी खाली बसवला जातो, मग दाब सोडतात. पीळ नाही, म्हणून आट्यांना इजा नाही. दाब सोडल्यावर थोडा ताण जातो, तो आधीच धरून जास्त ओढावे लागते. वाफेच्या टर्बाइनचे जाड स्टड मधल्या भोकातून हीटरने तापवून लांबवतात आणि नट हाताने बसवतात, तोही याच घराण्यातला प्रकार. चौथा पंथ मोजणाऱ्यांचा : बोल्ट किती लांबला हे मायक्रोमीटरने किंवा अल्ट्रासोनिक लहरींनी पाहायचे. अचूकता सर्वांत चांगली, खर्चही सर्वांत जास्त.

आवळलेला बोल्ट सुटतो कसा, याचे नीट उत्तर 1969 मध्ये मिळाले. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी दाखवले, की बोल्टच्या दिशेने येणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के घातक असतात. भाग आडवे घसरू लागले की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरतो. त्यांच्या प्रकारच्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. आपल्याकडे मात्र स्प्रिंग वॉशर घातला की मन निश्चिंत होते. सुटण्यावरचा खरा उपाय पुरेसा पूर्वताण हाच आहे, म्हणजे भाग घसरणारच नाहीत. वॉशर आणि चेक नट हे त्यानंतरचे. आखूड बोल्टांची गोष्ट आणखी वेगळी. 20 मिलिमीटर जाडीच्या जोडातला बोल्ट जेमतेम 0.06 मिलिमीटर लांबलेला असतो. रंगाचा थर किंवा पृष्ठभागाचा खडबडीतपणा दबून 0.01 मिलिमीटर गेला, तरी सहावा हिस्सा ताण गेला. नटाखाली जाड रंग ठेवू नये असे जाणते फोरमन सांगतात ते यामुळे.

प्रत्येक बोल्ट कमाल आवळायचा असतो असेही नाही. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली, तेव्हाचे रूळ फिशप्लेट आणि बोल्टांनी जोडलेले असत. उन्हाळ्यात रूळ वाढतो, थंडीत आकसतो. फिशप्लेटचे बोल्ट फार आवळले तर त्याला सरकायला जागा उरत नाही. रोज आपल्या टप्प्यावर पायी फिरणारा कीमन पाना घेऊन हाच तोल सांभाळत असे. गॅस्केटच्या जोडाचेही तसेच आहे. विष्णुपुरीसारख्या उपसा सिंचन योजनेत पंपांच्या आणि नळांच्या फ्लँजवर एक बोल्ट पुरा आवळून मग शेजारचा घेतला, तर पहिला ढिला होतो आणि गॅस्केट एका बाजूला चिरडते. समोरासमोरचे बोल्ट घेत आधी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग दोन तृतीयांश, मग पुरे, आणि शेवटी गोल फिरून एक फेरी, हा क्रम पाळला की गळती बहुतेक थांबते.

हे सगळे आजच का? लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी 31 मार्च 2018 रोजी झाली आणि 25 डिसेंबर 2020 रोजी तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा तयार होऊन निघाला. पुढे वंदे भारत शयनयान गाड्यांच्या बांधणीसाठी या कारखान्याची निवड झाली. बोगी, ब्रेक, गिअर केस यांचा प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट तिथे आकड्याने आवळावा आणि नोंदवावा लागतो. शेजारच्या बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या मनोऱ्याच्या फ्लँजवरचे जाड बोल्ट प्रत्येक वाऱ्याबरोबर हजारो वेळा ताण बदलतात, आणि उभारणीनंतर काही शे तासांनी पुन्हा तपासावे लागतात. साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती आणि इथेनॉलचे प्रकल्प आले, म्हणजे वाफेचा दाब वाढला आणि फ्लँजही वाढले. ही कामे करणारे हात आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून येतात. नांदेडला विष्णुपुरीत 1981 पासून श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरने परीक्षेच्या अभ्यासाचा पॅटर्न महाराष्ट्राला दिला. तेवढीच चिकाटी पान्याच्या विद्येला मिळाली, तर इथल्या कारखान्यांना या कामासाठी बाहेरून माणूस बोलवावा लागणार नाही. अडचण पुस्तकाची आहे. या विषयावरचे बहुतेक चांगले लेखन इंग्रजी किंवा जर्मनमध्ये आहे, आणि मॅन्युअलमधला तक्ता समजावून सांगणारा माणूस पाळी संपली की घरी जातो.

चुकीची किंमत किती असते याची नोंद जगाने केलेली आहे. 17 ऑगस्ट 2009 रोजी रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात एका टर्बाइनचे वरचे आवरण उडाले आणि 75 माणसे गेली. आवरण धरून ठेवणारे जे 49 स्टड नंतर सापडले, त्यांपैकी 41 स्टडवर थकव्याच्या चिरा होत्या. 10 मे 2002 रोजी इंग्लंडमध्ये पॉटर्स बार इथे सांध्याचे नट सुटल्याने गाडी घसरली आणि सात जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी दोष एका रात्रीत आलेला नव्हता. तो पाहिला असता तर दिसला असता.

पुस्तक लिहिताना वाचक म्हणून डोळ्यांसमोर फिटर, आयटीआयचा विद्यार्थी आणि नुकता रुजू झालेला कनिष्ठ अभियंता होता. यंत्ररचना करणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही. त्यांना सविस्तर प्रमाणग्रंथ आहेत. इथे गणित आहे ते बेरीज-गुणाकारापलीकडे जात नाही, आणि प्रत्येक तक्त्यात टॉर्कबरोबर वंगणाची स्थिती दिली आहे. कामाच्या शब्दांसाठी आम्ही नवे संस्कृत शब्द घडवले नाहीत. कार्यशाळेत पाना, आटे, स्टड, फ्लँज म्हणतात, इथेही तेच म्हटले आहे. गंजलेला बोल्ट कसा सोडवावा, जुना बोल्ट पुन्हा वापरावा का, सुताचे माप मेट्रिकपासून कसे ओळखावे, अशा पाठ्यपुस्तकांना क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांना आम्ही मुद्दाम जास्त पाने दिली. नोंदवहीचा नमुना शेवटी जोडला आहे : बोल्टचे माप आणि वर्ग, वंगण, टॉर्क किंवा फेरा, तारीख, आवळणाऱ्याची सही. ही सही कोणाला पकडण्यासाठी नाही. पुढच्या हंगामात तोच जोड उघडेल, तेव्हा मागच्या वेळी काय केले होते हे कळावे, म्हणून आहे.

खंडेनवमीला कार्यशाळांत पान्यांना हळदकुंकू लागते. त्याच सुमारास टॉर्क रेंच वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला पाठवण्याची पद्धत प्रत्येक कारखान्याने पाडावी, आणि काम झाले की 'टक्' वाजणारा रेंच सगळ्यांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, एवढी विनंती इथेच करतो. पुस्तकातले आकडे समजण्यासाठी आणि तपासून पाहण्यासाठी दिले आहेत. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या जोडासाठी दिलेला आकडा यातल्या तक्त्यापेक्षा वेगळा असेल, तर कंपनीचा आकडा धरा, आणि तो कोणत्या वंगणासाठी आहे हे लेखी विचारून घ्या.